टू-स्ट्रोक डर्ट बाइकच्या गिअरबॉक्समध्ये नेमकं कुठलं ऑइल घालायचं?

चिखल_एक्सप्रेस

गाडी यामाहा वायझेड २५०, टू-स्ट्रोक, सेकंडहँड. मॅन्युअल सांगतं ट्रान्समिशन ऑइल १०डब्ल्यू-४०, बदलताना ०.७५ लिटर. गाडी रोडवर चालत नाही. टेम्पोत टाकून कर्जत-बदलापूरकडे जाते, माती, दगड, ओढे, आणि पावसाळ्यातही बंद नसते.

आता गोंधळ असा. सीएसटी रोडवरचा दुकानदार म्हणतो, "गिअरबॉक्स आहे ना, मग गिअर ऑइल टाका, ९० नंबर." मिस्त्री म्हणतो टू-स्ट्रोक आहे तर २टी ऑइलच चालेल. घरात कारचं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० अर्धा कॅन पडून आहे. मुंबईच्या उकाड्याला १०डब्ल्यू पातळ पडेल का, हा आणखी एक प्रश्न.

सध्या आत काय आहे ते माहीत नाही. लक्षण एकच: गाडी गार असताना क्लच पूर्ण दाबून पहिला टाकला तरी गाडी पुढे सरकते, न्यूट्रल लागत नाही. दहा मिनिटं चालवली की ठीक. ऑइल किती तासांनी बदलायचं तेही सांगा.

क्लचप्लेट_दादर

भाऊ, दुकानदार, मिस्त्री आणि कारचा कॅन, तिन्ही चूक. कारणं मात्र वेगवेगळी आहेत.

आधी आत काय चालतं ते बघा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँक, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग आणि पिस्टन यांना वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या २टी ऑइलचं. गिअरबॉक्सची खोली वेगळी, मध्ये क्रँकचं उजवं ऑइल सील. या ७५० मिलीमध्ये गिअर, बेअरिंग, किकचा यंत्रभाग आणि ओला क्लच बुडालेले असतात. गिअरचं काय, त्यांना बरीच ऑइलं चालतात. नखरे क्लचचे असतात. म्हणून हे ऑइल निवडताना दाटपणाच्या आकड्याआधी एकच गोष्ट शोधायची: डब्याच्या मागे जासो एमए किंवा एमए२ छापलंय का.

जासो ही जपानी मानकं, त्यातलं एक मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक ऑइलसाठी. त्यात ऑइलमध्ये भिजलेल्या क्लचचं घर्षण मोजतात आणि त्यावरून एमए, एमए१, एमए२, एमबी असे वर्ग पडतात. एमए२ म्हणजे पकड सगळ्यात चांगली. एमबी म्हणजे घर्षण कमी, ते स्कूटरसाठी, कारण तिथे क्लच ऑइलमध्ये नसतो. स्कूटरचं ऑइल चुकून उचलू नका, डबे सारखेच दिसतात. डब्यावर जासो एफबी, एफसी, एफडी दिसलं तर ते पेट्रोलमध्ये मिसळायचं २टी ऑइल. ते जळून जाण्यासाठी बनवलेलं असतं, गिअरच्या दातांमध्ये दाबाखाली टिकण्यासाठी नाही. मिस्त्रीचा मुद्दा तिथेच संपला.

कारचं ५डब्ल्यू-३०: अशा ऑइलमध्ये मायलेज वाढवायला घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात. एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या गोल चिन्हात खाली 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा 'एनर्जी कन्झर्व्हिंग' लिहिलेलं असेल तर ते ओल्या क्लचच्या गाडीत घालूच नका. क्लच घसरतो, घसरला की तापतो, तापला की प्लेटवर काच चढल्यासारखी चकाकी येते आणि मग ऑइल बदलूनही पकड परत येत नाही. कॅन कारलाच राहू दे.

आता ९० नंबर. ९० हा आकडा ४० पेक्षा मोठा म्हणून ऑइल दुपटीने दाट असं नाही. दोन मोजपट्ट्याच वेगळ्या. १०० अंश सेल्सिअसला गिअर ऑइलचा ९० म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक). इंजिन ऑइलचा ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे गरम झाल्यावर ९० नंबर हा ४० आणि ५० च्या आसपासच बसतो. फरक पडतो गार असताना. सकाळच्या तापमानाला साधं ९० नंबर १०डब्ल्यू-४० पेक्षा बरंच दाट असतं, क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात, क्लच दाबला तरी सुटत नाहीत. तुमची गाडी गार असताना सरकते, न्यूट्रल देत नाही आणि तापल्यावर सुधारते, हे तंतोतंत तेच लक्षण. आधीच्या मालकाने ९० नंबरच भरलं असण्याची शक्यता मोठी आहे. फक्त त्याआधी केबलचा फ्री प्ले तपासा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० मिमी ढिलाई हवी. ती २५–३० मिमी असेल तरीही क्लच पूर्ण सुटत नाही आणि दोष फुकट ऑइलवर जातो.

शिवाय ९० नंबरमध्ये जीएल-५ दर्जाचं मिळालं तर त्यात गंधक-फॉस्फरसची जादा दाब झेलणारी रसायनं भरपूर असतात. ती डिफरन्शियलच्या दातांसाठी असतात. क्लचला ती नको, आणि पितळ-कांस्याचे बुश असतील तर त्यांनाही नको. डर्ट बाइकसाठी म्हणून विकलं जाणारं ८०डब्ल्यू किंवा ७५डब्ल्यू ट्रान्समिशन ऑइल वेगळं, ते ओल्या क्लचसाठीच बनवलेलं असतं. ते मिळालं तर बिनधास्त वापरा. ट्रकच्या दुकानातलं ईपी ९० (ईपी म्हणजे तीच जादा दाबाची रसायनं) म्हणजे ते नव्हे.

उकाड्याचं म्हणाल तर '१०डब्ल्यू' चा मुंबईच्या उकाड्याशी काही संबंध नाही. 'डब्ल्यू' च्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतला. १०डब्ल्यू ची चाचणी उणे २५ अंशाला होते, १५डब्ल्यू ची उणे २० ला, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. सांताक्रूझला आजवरचं सर्वात कमी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मध्ये. म्हणजे आपल्याला यातलं काहीही चालतं. उकाड्यासाठी बघायचा तो मागचा आकडा. ४० पुरे आहे. सतत पहिल्या-दुसऱ्यात क्लच मारत चढ चढायचे असतील तर १५डब्ल्यू-५० घ्या. केटीएमच्या २५० आणि ३०० टू-स्ट्रोक एन्ड्युरोंना मॅन्युअलमध्येच १५डब्ल्यू-५० आणि ०.८० लिटर सांगितलंय.

थोडक्यात: फोर-स्ट्रोक बाइकचं १०डब्ल्यू-४०, जासो एमए२, एक लिटरचा डबा. डब्यावर '४टी' बघून घाबरू नका.

हायवे_१५डब्ल्यू४०

वरचं सगळं मान्य, पण महागड्या डब्याची गरज काय? टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्समध्ये काजळी नाही, ज्वलनाचा कचरा नाही. ऑइल खराब होतं ते क्लचच्या भुकटीने आणि गिअरच्या दातांनी. दर १०–१२ तासांनी फेकायचंच आहे तर डिझेल ट्रकचं १५डब्ल्यू-४० घाला. त्यात घर्षण कमी करणारी रसायनं सहसा नसतात, झीज रोखणारं झिंक भरपूर, आणि मोठ्या कॅनमध्ये लिटरमागे स्वस्त. परदेशात मोटोक्रॉसवाले वर्षानुवर्षं हेच करतात.

क्लचप्लेट_दादर

दादा, तर्क बरोबर आहे, एक अट घालतो. तिकडची जी डिझेल ऑइलं डर्ट बाइकवाल्यांमध्ये चालतात, त्यातल्या काहींच्या डब्यावर जासो एमए छापलेलं असतं. आपल्याकडच्या कॅनवर ते छापलेलं असेल तर घाला. नसेल तर तो अंदाज झाला. आणि ७५० मिलीत बचत किती होणार? साधं मिनरल २०डब्ल्यू-४० एमए२ कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतं, तेही स्वस्तच.

उलट त्या साध्या २०डब्ल्यू-४० चा एक गुण कोणी सांगत नाही. १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५० अशी मोठी उडी मारायला ऑइलमध्ये लांब साखळीचे पॉलिमर घालतात. गिअरचे दात त्या साखळ्या कात्रीसारख्या कापतात आणि ४० चं हळूहळू ३० होतं. गिअर बदलताना खडखड वाढली, टप्पे नीट बसेनात, की समजायचं ऑइल कापलं गेलं. २०डब्ल्यू-४० मध्ये उडी छोटी, पॉलिमर कमी, म्हणून कापलं जाण्याचं प्रमाणही कमी. चांगल्या सिंथेटिकमध्ये मूळ तेलाचाच दाटपणा तापमानानुसार कमी बदलतो, त्यामुळे तिथेही पॉलिमर कमी लागतात. त्याचे पैसे तुम्ही देता. माझं मत: वेळेवर बदललेलं मिनरल हे पन्नास तास ठेवलेल्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही बरं.

बदलायचं राहिलंच. माती-चिखलात १० ते १५ तास. क्लच सतत वापरत असाल तर १०. नवीन प्लेटा किंवा गिअरबॉक्स उघडून काम केलं असेल तर पहिला बदल एक-दोन तासांतच. नवीन प्लेटा बसवण्याआधी त्याच ऑइलमध्ये रात्रभर भिजवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच क्लचला जळतात.

चिखल_एक्सप्रेस

केबल तपासली, ढिलाई १० मिमीच आहे. मग ऑइल काढलं. दोन गोष्टी खटकल्या. एक, जवळजवळ ९०० मिली निघालं, म्हणजे मापापेक्षा जास्त. दुसरी, रंग कटिंग चहासारखा. तळाला बारीक चमक आहे, बोटावर घासली तर कण टोचत नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत गाडी ओढ्यातून गेली होती. नवीन ऑइल भरू का?

उजवं_सील

भरा, पण ते शेवटचं ऑइल समजू नका. कटिंग चहा म्हणजे ऑइलमध्ये पाणी घुसळलं गेलंय. पाणी यायला दोनच रस्ते आहेत: बाहेरून किंवा रेडिएटरमधून. ते ठरल्याशिवाय महागडं ऑइल म्हणजे पैसे नाल्यात.

चमक बोटाला टोचत नाही ती क्लच बास्केटच्या अॅल्युमिनियमची आणि प्लेटांची. थोडी असतेच. चुंबकाला चिकटणारा काळा लेपही नॉर्मल. टोचणारा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा किंवा मोठा, निघाला तर गिअरचा दात किंवा बेअरिंग गेलंय, गाडी चालू करू नका. तुमचं तसं नाही.

बाहेरचा रस्ता म्हणजे गिअरबॉक्सचा ब्रीदर पाइप, आतली हवा आत-बाहेर करायची नळी. केसिंग तापलेलं असताना गाडी ओढ्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि पाइपचं तोंड पाण्यात असेल तर सरबत स्ट्रॉने ओढल्यासारखं पाणी आत खेचलं जातं. पाइप खाली इंजिनच्या बाजूला लोंबत ठेवू नका. लांब पाइप लावून तोंड टाकीखाली फ्रेमपाशी वर न्या, टोक तिरकं कापा, मोडून बंद होणार नाही असं बांधा. प्रेशर वॉशरने धुताना फवारा थेट ब्रीदरवर, क्लच कव्हरच्या कडेवर किंवा पुढच्या स्प्रॉकेटच्या सीलवर मारणंही बंद.

आतला रस्ता वॉटर पंपाचा. पंपाच्या शाफ्टवर एका बाजूला कूलंटसाठी सील आणि दुसऱ्या बाजूला ऑइलसाठी सील. दोघांच्या मध्ये बहुतेक गाड्यांना कव्हरखाली उघडणारं एक बारीक भोक असतं. कूलंटचं सील गेलं की त्या भोकातून थेंब बाहेर पडावेत, म्हणजे तुम्हाला कळावं, एवढंच त्याचं काम. पण पावसाळ्यात ते भोक चिखलाने बुजतं. मग कूलंटला बाहेरची वाट उरत नाही आणि ते ऑइलच्या सीलवर दाब देत गिअरबॉक्समध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढते. तुमचे ९०० मिली मला तिकडेच बोट दाखवतात, पण ओढ्याचं पाणीही पातळी वाढवतंच, त्यामुळे आत्ताच कव्हर उघडू नका. तपास असा करा.

रेडिएटरचं झाकण गाडी पूर्ण गार असताना उघडा आणि कूलंट नळीच्या काठापर्यंत भरा. ते बारीक भोक तारेने साफ करा. गिअरबॉक्समध्ये साधं २०डब्ल्यू-४० एमए ७५० मिली भरा, पाच-दहा मिनिटं सगळे गिअर बदलत चालवा, काढून टाका. हे फक्त आत चिकटलेलं पाणी धुवायला. रॉकेल किंवा डिझेलने धुवू नका. गॅरेजमध्ये ही सवय सर्रास आहे, पण ते बेअरिंगमध्ये आणि प्लेटांमध्ये साठून राहतं आणि नवीन ऑइल पातळ करतं. मग पुन्हा ७५० मिली भरून तासभर चालवा, ओढ्यात न घालता. गार झाल्यावर बघा: कूलंट उतरलं आणि ऑइल परत दुधाळ झालं तर सील. कूलंट जागेवर आणि ऑइल स्वच्छ, तर ओढा.

कोणी हेड गॅस्केट बदलायला लावलं तर थांबा. टू-स्ट्रोकमध्ये हेडमधून गळलेलं कूलंट सिलेंडरमध्ये जातं, पांढरी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघतं. गिअरबॉक्समध्ये जायला त्याला वाटच नाही.

आणि चहा दिसत असताना गाडी आठवडाभर तशीच ठेवू नका. आपल्या दमट हवेत बेअरिंगवर गंज धरायला तेवढे दिवस पुरतात, आणि कूलंटमधल्या ग्लायकॉलने क्लचप्लेटचं फायबर सुटायला लागतं.

उलट प्रकारही लक्षात ठेवा. पातळी वाढण्याऐवजी कमी होत असेल, बाहेर गळती नाही, गाडी गरम झाल्यावरही पांढरा-निळा धूर थांबत नाही, प्लग ओला आणि तेलकट, तर क्रँकचं उजवं सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितंय. खात्री करायला इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये ६ पीएसआय हवा भरतात. सहा मिनिटं टिकली पाहिजे. डावं, मॅग्नेटकडचं सील गेलं तर ऑइल कमी होत नाही, पण बाहेरची हवा आत येते, मिश्रण कोरडं होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन जाम होतो. ते जास्त महाग पडतं.

हायवे_१५डब्ल्यू४०

ऑइल भरतानाची एक चूक सगळेच करतात, स्टँडवर वाकड्या गाडीत माप बघतात. गाडी दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा, सरळ उभी धरा, ड्रेन बोल्ट काढा, वरचं झाकणही उघडा म्हणजे ऑइल पटकन उतरतं. दहा मिनिटं द्या, मध्ये गाडी डावी-उजवीकडे झुकवा. बोल्टला नवीन वायसर. टॉर्क पान्याने २० न्यूटन-मीटरच्या आसपास, नेमका आकडा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या. "अजून एक झटका" देण्याच्या नादात अॅल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जातात. ७५० मिली मापाच्या भांड्यानेच, डब्यावरच्या रेघेवर विश्वास नको. मग काही मिनिटं इंजिन चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, गाडी सरळ ठेवून क्लच कव्हरवरचा लेव्हल तपासायचा छोटा बोल्ट उघडा. ऑइल झिरपलं पाहिजे. भसाभसा आलं तर जास्त आहे, थांबेपर्यंत वाहू द्या. काहीच आलं नाही तर थोडं थोडं भरा. हा बोल्ट ड्रेन बोल्टपेक्षा नाजूक आहे, हलक्या हाताने बंद करा.

"थोडं जास्त असलेलं बरं" हा समज काढून टाका. जास्त ऑइलने क्लच ओढतो आणि जादा माल ब्रीदरमधून बाहेर उडतो. निघालेलं ऑइल गटारात ओतू नका, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

आरएक्स_विरार

मध्येच विचारतो. आरएक्स १०० मातीसाठी तयार केली आहे, नॉबी टायर वगैरे. तिलाही हेच का? आणि एका मित्राची हिरो एक्सपल्स बाइक आहे, तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं बदलायचं का?

क्लचप्लेट_दादर

आरएक्सला हाच नियम: ४टी बाइक ऑइल, जासो एमए किंवा एमए२, २०डब्ल्यू-४० मस्त चालतं. तिला २टी ऑइलची वेगळी टाकी असते, तेवढं सांभाळा. घाईत टाकीत ४टी आणि गिअरबॉक्समध्ये २टी गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. पहिल्या चुकीने सायलेन्सर आणि प्लग काजळीने भरतात, दुसरीने गिअर झिजतात.

एक्सपल्स फोर-स्ट्रोक, तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच ऑइल, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं. फोर-स्ट्रोक असूनही वेगळं ऑइल असलेल्या गाड्या आहेत, होंडा सीआरएफ ४५० आर ची जुनी, २०१६ पर्यंतची मॉडेलं. तिथे भरायची तोंडं दोन. एका बाजूची पातळी वाढून दुसरीकडची घटत असेल तर मधलं सील गेलेलं असतं.

चिखल_एक्सप्रेस

सांगितलं तसं केलं. धुवायला एकदा २०डब्ल्यू-४०, मग १०डब्ल्यू-४० एमए२ ७५० मिली. गार गाडी आता पहिल्यात सरकत नाही, न्यूट्रल पण लागतं. पण तारेने भोक उघडल्यावर तासाभरात तिथून हिरवे थेंब यायला लागले, रेडिएटरमध्ये कूलंट दोन बोटं खाली. ऑइल अजून स्वच्छ आहे.

उजवं_सील

म्हणजे कूलंटचं सील गेलंय, ऑइलचं अजून धरून आहे. ऑइल स्वच्छ दिसलं तरी गाडी चालवू नका. भोक पुन्हा बुजलं की तोच चहा. कव्हर उघडताय तर दोन्ही सीलं, शाफ्टचं बेअरिंग आणि क्लच कव्हरचं गॅस्केट एकदमच मागवा. कव्हर काढण्याआधी ऑइल आणि कूलंट दोन्ही काढावं लागेल. आत्ताचं ऑइल तासाभराचंच आहे, स्वच्छ भांड्यात घेतलं आणि झाकून ठेवलं तर परत वापरता येतं.

जुनं सील काढताना त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे याचा फोटो काढून ठेवा, दोन्ही एकमेकांकडे पाठ करून असतात आणि उलटं बसवलं तर नवीन असूनही गळतं. कव्हरमध्ये ठोकताना सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या मापाचा सॉकेट वापरा, ओठावर किंचित ग्रीस. आणि शाफ्ट हातात आला की सील बसते त्या जागेवर नख आडवं फिरवून बघा. नख खाचेत अडकलं तर शाफ्टही नवीन घ्या, नाहीतर नवीन सील त्या खाचेवर महिनाभरही टिकणार नाही.